हात दाखवला तर गाडी थांबवावी का?

जून २०१८. नवी मुंबईत ऐरोलीला धो धो पाऊस कोसळत होता. रस्त्याकडेला भिजत उभ्या असलेल्या तिघांना एका मोटारवाल्याने गाडीत घेतले आणि तेवढ्यात वाहतूक पोलीस पुढे आला. परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक केल्याचा ठपका ठेवून पावती फाडली गेली, लायसन्स जमा झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि दीड हजार रुपये दंड भरल्यावर मिटले. त्या मोटारवाल्याने ही हकीकत समाजमाध्यमावर लिहिली तेव्हा देशभर गाजली. वाचणाऱ्या अनेकांनी त्यातून एकच धडा घेतला: पुन्हा कुणासाठी गाडी थांबवायची नाही.

तसा हा धडा जुनाच. नवी गाडी दारात आली की घरातली वडीलधारी माणसे ज्या सूचना देतात त्यांत ‘अनोळखी माणसाला गाडीत घेऊ नको’ ही ठरलेली असते. उलट ज्याची शेवटची एसटी चुकली आहे त्याला कुणीतरी थांबेल या भरवशावरच फाट्यावर उभे राहावे लागते. मग प्रश्न चांगुलपणाचा की शहाणपणाचा, अशा वादात अडकतो आणि तिथेच राहतो. जगात निरनिराळ्या देशांनी लिफ्टचे काय केले ते पाहिले तर मात्र वेगळेच दिसते. लिफ्ट सुखाची होईल की संकटाची, हे गाडीवाल्याच्या मनाच्या मोठेपणापेक्षा रस्त्यावरच्या व्यवस्थेवर अधिक ठरते.

सहा सेकंदांचा निवाडा

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल तर ती सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. रस्त्याकडेला हात दाखवणारा माणूस शंभर मीटरवरून दिसला, तर त्याच्यापर्यंत पोहोचायला चालकाच्या हातात सहा सेकंद असतात. तेवढ्या वेळात त्याला माणूस निरखायचा, आरशात मागची वाहने बघायची, गाडी बाजूला घेता येईल का ते ताडायचे आणि ब्रेक दाबायचा की नाही ते ठरवायचे असते. इतक्या घाईत विचार होत नाही, फक्त अंदाज होतो. कपडे, वय, हातातले सामान, सोबत बाईमाणूस आहे का, शाळेचे दप्तर आहे का, एवढ्यावरच निवाडा होऊन जातो.

मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लिफ्ट मागणारे काही वेळा येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत डोळे घालून बघत, काही वेळा नजर दुसरीकडे ठेवत. डोळ्यांत बघणाऱ्यांसाठी गाड्या थांबण्याचे प्रमाण साधारण दुपटीने वाढले. माणूस तोच, रस्ता तोच. फक्त नजरानजर झाली आणि तो गर्दीतला कुणीही राहिला नाही. आपल्याकडे गावातला माणूस हात दाखवताना ‘पाटील, फाट्यापर्यंत सोडा की’ असे म्हणतो तेव्हा हेच साधत असतो. ओळख नसली तरी ओळखीचा सूर लावतो. महामार्गावर भरधाव गाडीला असा सूर ऐकू जात नाही, म्हणून तिथे माणूस अनोळखीच राहतो.

भीती कशी तयार झाली

अमेरिकेत एके काळी लिफ्ट मागणे ही अगदी सर्वमान्य गोष्ट होती. १९३० च्या दशकातल्या मंदीत कामाच्या शोधात निघालेली माणसे अंगठा दाखवून शेकडो मैल जात. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या चित्रपटातला क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बर्ट यांचा लिफ्ट मागण्याचा प्रसंग आजही लोकांना आठवतो, तो विनोदी म्हणून. दुसऱ्या महायुद्धात तर पेट्रोल आणि टायर वाचवण्यासाठी सरकारनेच गाडी वाटून घ्यायला सांगितले. १९४३ च्या एका भित्तिचित्रात एकट्याने मोटार हाकणाऱ्याच्या शेजारी हिटलर बसलेला दाखवला होता. शेजारची जागा रिकामी ठेवणे म्हणजे शत्रूला मदत करणे, असा त्याचा रोख होता.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटले. १९५० च्या अखेरीस बिली कुक नावाच्या तरुणाने लिफ्टच्या निमित्ताने गाड्यांत शिरून जे हत्यासत्र सुरू केले त्यात सहा जणांचा बळी गेला. पाच जणांचे एक अख्खे कुटुंब त्यात संपले. १९५२ मध्ये कुकला मृत्युदंड झाला आणि १९५३ मध्ये आयडा लुपिनो या दिग्दर्शिकेने त्या घटनेवर बेतलेला ‘द हिच-हायकर’ हा चित्रपट काढला. त्याच दशकात एफबीआयनेही मोटारवाल्यांना सावध करणारी भित्तिपत्रके लावली. रस्त्याकडेला हसून अंगठा दाखवणारा माणूस सुट्टीवर निघालेला साधा तरुण आहे की पळून चाललेला गुन्हेगार, असा संशय त्यांत पेरलेला होता. लिफ्ट मागणारा हा देशबांधव होता, तो संशयित झाला.

भीतीला लोककथांचीही साथ मिळते. लिफ्ट घेऊन मध्येच गाडीतून नाहीशी होणाऱ्या प्रवाशाची कथा इतक्या देशांत सापडते की, लोककथांचे अभ्यासक यान हॅरल्ड ब्रुनव्हँड यांनी १९८१ साली शहरी दंतकथांवर पुस्तक लिहिले तेव्हा त्याला नावच या कथेचे दिले. आपल्या घाटांतली पांढऱ्या साडीतली बाई याच घराण्यातली. रात्री दोन वाजता घाटात कुणासाठी गाडी थांबवू नये, ही व्यावहारिक सूचना आहे. भूत हे तिचे पाठांतर सोपे करण्याचे साधन.

पण केवळ भीतीने लिफ्ट संपली असे म्हणणे पुरते खरे नाही. घरोघरी गाड्या आल्या, तेव्हा अंगठा दाखवण्याची गरज असलेली माणसेच कमी झाली. १९५६ नंतर अमेरिकेत जे द्रुतगती महामार्ग झाले त्यांवर पादचाऱ्याला उभे राहायलाच मनाई होती. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही पायी माणसाला आणि मध्येच थांबणाऱ्या गाडीला जागा नाही. जिथे थांबणे हाच अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे, तिथे लिफ्टचा प्रश्न रस्त्याच्या रचनेनेच निकालात काढलेला असतो.

धोका नेमका कुणाला?

लिफ्टच्या चर्चेत बहुधा गाडीवाल्याच्या सुरक्षिततेचाच विचार होतो. हात स्टिअरिंगवर, लक्ष रस्त्यावर आणि अनोळखी माणूस मागच्या सीटवर, ही अवस्था खरोखरच अवघड आहे. तरीही गाडी कुठे वळवायची, दारे कधी उघडायची आणि मुळात कुणाला आत घ्यायचे, हे सगळे चालक ठरवतो. आत बसलेल्याच्या हातात काहीच नसते. म्हणून लिफ्टच्या इतिहासातली सर्वांत भयंकर प्रकरणे पाहिली तर त्यांत अनेकदा गुन्हेगार स्टिअरिंगमागे बसलेला दिसतो. कॅलिफोर्नियात १९७२-७३ मध्ये एडमंड केम्परने लिफ्ट मागणाऱ्या विद्यार्थिनींना मारले. ऑस्ट्रेलियात बेलांग्लोच्या जंगलात सात तरुण पर्यटकांचे मृतदेह सापडले, त्या प्रकरणात इव्हान मिलॅटला १९९४ मध्ये अटक झाली. पुण्यात २००९ साली घरी परतण्यासाठी खराडीला वाहनाची वाट पाहणारी एक संगणक अभियंता एका कॅबचालकाच्या गाडीत बसली आणि तिचा खून झाला. त्या प्रकरणी २०१७ मध्ये न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली.

अशी प्रकरणे मनावर कोरली जातात, पण रोजच्या व्यवहाराचे माप त्यांवरून घेता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांनी १९७४ साली या विषयाची पाहणी केली. नोंद झालेल्या गुन्ह्यांपैकी लिफ्टशी संबंध असलेले गुन्हे एका टक्क्याहूनही कमी निघाले आणि लिफ्ट घेणारे लोक प्रमाणाबाहेर गुन्ह्यांना बळी पडतात, असेही दिसले नाही. पाहणी जुनी आहे, परदेशातली आहे. तिच्यावरून आपल्या घाटांचा हिशेब मांडू नये. पण जो काळ अमेरिकेत लिफ्टच्या भीतीचा कळस मानला जातो त्याच काळातली ती आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अनोळख्याला नाव देणारे देश

काही देशांनी लिफ्ट बंद न करता तिला शिस्त लावली. त्यांचे मार्ग निरनिराळे असले तरी युक्ती एकच होती: रस्त्यावरचा माणूस पूर्ण अनोळखी राहू द्यायचा नाही.

पोलंडमध्ये १९५७-५८ मध्ये समाजवादी राजवटीतच लिफ्टची अधिकृत योजना निघाली. तरुणांनी एक पुस्तिका विकत घ्यायची. तीत नोंदणी आणि विमा असे, शिवाय किलोमीटरची कुपने असत. जेवढा प्रवास झाला तेवढ्या किलोमीटरची कुपने चालकाला फाडून द्यायची. चालक ती जमवून पाठवत आणि त्यांच्यासाठी बक्षिसे ठेवलेली असत. पुस्तिका दाखवणारा मुलगा हा नोंद असलेला, विमा उतरवलेला प्रवासी आहे, हे चालकाला दुरूनच कळे. ही योजना १९९० च्या दशकापर्यंत चालली.

क्यूबात गरजेने हेच घडवले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, स्वस्त तेल थांबले आणि बसगाड्या उभ्या राहिल्या. सरकारने शहरांच्या वेशीवर पिवळ्या गणवेशातले कर्मचारी नेमले. सरकारी गाडी दिसली की ते ती थांबवत, रिकाम्या जागा मोजत आणि रांगेतल्या माणसांना त्यांच्या ठिकाणानुसार आत बसवत. सरकारी वाहनात जागा असेल तर प्रवासी घेणे बंधनकारक होते. तिथे लिफ्ट म्हणजे उपकार नव्हता, सार्वजनिक वाहतुकीचाच एक भाग होता.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनच्या आसपास १९७० च्या दशकापासून एक वेगळाच प्रकार रुजला. गर्दीच्या वेळी महामार्गाची खास मार्गिका तीन किंवा अधिक माणसे असलेल्या गाड्यांना खुली असते. एकट्या मोटारवाल्याला ती हवी असते, नोकरदाराला फुकट प्रवास हवा असतो. मग ठरलेल्या जागी रांग लागते; गाडी येते, चालक ठिकाण सांगतो, दोघे जण आत बसतात. पैसे द्यायचे नाहीत, चालकाने विषय काढल्याशिवाय गप्पा मारायच्या नाहीत आणि रांगेत बाई एकटी मागे राहील अशी वेळ आणायची नाही, हे नियम कोणत्याही कायद्यात नाहीत, पण पाळले जातात. सरकारने ही व्यवस्था उभी केली नाही. मार्गिकेचा नियम केला आणि बाकीचे लोकांच्या सोयीने घडवले.

नेदरलँड्समध्ये काही शहरांत लिफ्ट मागण्याच्या जागा पाट्या लावून ठरवून दिल्या आहेत, म्हणजे गाडी सुरक्षित थांबेल आणि माणूस नीट दिसेल. फ्रान्समध्ये २००६ साली सुरू झालेल्या ब्लाब्लाकारने हेच काम मोबाइलवर आणले. नाव, फोटो, आधीच्या सहप्रवाशांचे अभिप्राय आणि खर्चाची वाटणी आधीच ठरलेली. २०१५ मध्ये ती सेवा भारतातही आली आणि पुणे-मुंबई, पुणे-नाशिक अशा मार्गांवर अनेकांनी तिचा वापर केला. पोलंडची पुस्तिका आणि हे ॲप यांत तंत्राचा फरक आहे, तत्त्वाचा नाही.

आपला कायदा

ऐरोलीच्या प्रकरणाने लिफ्ट देणेच बेकायदा आहे, असा समज पसरला. तो बरोबर नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार प्रवासी वाहन म्हणून गाडी चालवायला परवाना लागतो. पण प्रवासी वाहन कशाला म्हणायचे, याची कायद्यातली व्याख्या भाडे किंवा मोबदला यांवर उभी आहे. खासगी गाडीत कुणाला फुकट सोडणे हा त्या व्याख्येतला व्यवसाय नव्हे. अडचण अशी की, पैसे घेऊन माणसे भरणाऱ्या खासगी गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत आणि पोलिसाला बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय वाहतुकीसाठी दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. म्हणून उतरणाऱ्याने प्रेमाने पुढे केलेली पन्नासाची नोटही घेऊ नये. ती नोटच कायदेशीर लिफ्टला बेकायदा धंद्याच्या रांगेत नेऊन बसवते. खर्च वाटून घ्यायचा असेल तर सरकारी नियमांत बसणाऱ्या सेवेतूनच घ्यावा. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खासगी गाड्यांच्या अशा सहप्रवासाला मर्यादित फेऱ्यांची मुभा होती, पण अखेरचा शब्द राज्यांवर सोपवलेला होता.

दंडापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. ज्याच्याकडे फक्त सक्तीची थर्ड पार्टी पॉलिसी आहे त्याच्या गाडीत फुकट बसलेल्या माणसाला अपघातात इजा झाली, तर भरपाई विमा कंपनी देईलच असे नाही. दुचाकीवर मागे बसलेल्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तसा निकाल दिला. सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसीत मात्र मोटारीत बसलेले आणि दुचाकीवर मागे बसलेले लोक येतात, असे विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना स्पष्ट केले. मालवाहू गाड्यांचे सर्वांत वाईट. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे. अपघात झाला तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर पडतो. टेम्पोत मागे दहा माणसे उभी करून बाजाराला नेणारा चालक उपकार करत असतो खरा, पण मालकाचे घरदारही पणाला लावत असतो.

आपल्याकडची बहुतेक लिफ्ट दुचाकीवर दिली जाते. तिथे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. जादा हेल्मेट जवळ नसेल तर नकार देण्यात माणुसकी कमी पडत नाही. गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली चालवणारे ‘पायलट’ परवाना घेऊन हाच व्यवसाय करतात. अनोळखी माणसाच्या पाठीमागे बसून जाणे तिथे पिढ्यानपिढ्या नित्याचे आहे, कारण तो माणूस कोण हे मडगार्डवरून कळते.

एका बाबतीत मात्र शंका ठेवण्याचे कारण उरलेले नाही. अपघातात जखमी झालेल्या माणसाला गाडीत घेऊन दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीच्या नियमांना बंधनकारक ठरवले आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ कायद्यात आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. केंद्र सरकारने अशा मदतीसाठी जाहीर केलेले पाच हजारांचे बक्षीस पुढे पंचवीस हजारांपर्यंत वाढवले.

बस नसते तेव्हा

लिफ्ट मागणारा हौसेने उभा नसतो. कॅनडात प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रुपर्ट या सुमारे ७०० किलोमीटरच्या महामार्गावर गरीब आदिवासी वस्त्यांतल्या बायकांकडे ना गाडी होती ना पुरेशी बस. त्या रस्त्यावर आणि आसपास इतक्या स्त्रिया बेपत्ता झाल्या किंवा मारल्या गेल्या की त्याला अश्रूंचा महामार्ग म्हटले जाऊ लागले. २००६ मध्ये झालेल्या परिषदेने बस सुरू करण्याची शिफारस केली. गावोगाव जोडणाऱ्या बसफेऱ्या सुरू व्हायला २०१७ उजाडले. मुलींना ‘लिफ्ट घेऊ नका’ असे बजावणारे फलक त्याआधीच लागले होते. फलक लावणे सोपे असते, बस चालवणे नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. २०२१-२२ मध्ये एसटी संप जवळपास साडेपाच महिने चालला, तेव्हा ग्रामीण भागात कॉलेजची मुले, दवाखान्याला निघालेले म्हातारे, बाजारहाटाला जाणाऱ्या बाया यांना वडाप आणि लिफ्ट याशिवाय वाट उरली नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्याने चालत निघालेल्या मजुरांना ट्रकवाल्यांनी वर घेतले, ते नियमात बसत नव्हते, पण त्या वेळी दुसरे काही करणे शक्यही नव्हते. मानव विकास कार्यक्रमातून मुलींच्या शाळेसाठी धावणाऱ्या निळ्या बसगाड्या, ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ही योजना, संध्याकाळची एक जास्तीची फेरी, या गोष्टी लिफ्टचे धोके जितके कमी करतात तितके कोणतेही सावधगिरीचे भाषण करत नाही.

मग थांबवावी का?

थांबवावी, पण आपल्या अटींवर. दिवसाउजेडी, गावाच्या किंवा वस्तीच्या थांब्यावर, गाडी सुरक्षित उभी राहील अशा जागी थांबावे. द्रुतगती मार्गावर, घाटाच्या वळणावर, रात्री निर्जन ठिकाणी थांबू नये. तिथे मदतीची खरी गरज दिसली तर ११२ ला फोन करणे ही थांबण्याइतकीच मोठी मदत आहे. काच थोडी खाली करून कुठे जायचे ते आधी त्याला विचारावे, आपण कुठे चाललो ते नंतर सांगावे. मनात पाल चुकचुकली तर ‘जागा नाही’ म्हणून पुढे जावे. त्याबद्दल कुणाला खुलासा देण्याची गरज नाही. घरी एक मेसेज टाकावा. लिफ्ट घेणाऱ्यानेही गाडीचा नंबर कुणाला तरी कळवावा, आणि त्याने तसे केले तर चालकाने राग मानू नये. एकटी बाई चालवत असेल तर तिने कुणासाठी थांबलेच पाहिजे अशी अपेक्षा समाजाने ठेवू नये. पैसे घेऊ नयेत, मालवाहू गाडीत माणसे घेऊ नयेत, विमा पॅकेजचा आहे का ते आजच बघावे. अपघातग्रस्तासाठी मात्र यातली कोणतीही अट नाही.

आणि रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्यांनी आणखी एक करून पाहावे. सोसायटी, ऑफिस, गाव यांच्या व्हॉट्सॲप गटावर आपली वेळ आणि मार्ग टाकावा. आपल्याच रस्त्याने जाणारी, नावाने माहीत असलेली चार माणसे सहज निघतील आणि तेवढ्या चार जणांना तरी फाट्यावर हात दाखवत उभे राहावे लागणार नाही.